टीव्हीवर कुणीतरी कांदा परततंय, तुमच्या घरात काय चाललंय?

आमचे सासरे रिटायर झाल्यापासून दुपारचं जेवण झालं की टीव्हीवरचा स्वयंपाक लावून बसतात. चहा सोडला तर त्यांनी आजवर गॅसवर काही ठेवलेलं नाही, आणि चहाही निम्म्या वेळा उतू जातो. पण हातात डायरी असते. सुवाच्य अक्षरात साहित्य, कृती, 'मीठ चवीनुसार', आणि खाली लाल पेनने स्वतःचा शेरा: 'गॅस मोठा होता', 'बाईंना घाई', 'हिंग विसरले'. सासूबाई तेव्हा आत ओटा पुसत असतात. त्या बाहेर डोकावतही नाहीत. "मी रोज लाइव्ह करते, मला रेकॉर्डिंग कशाला दाखवता?" हे त्यांचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर हे कार्यक्रम सगळ्यात मन लावून बघतात ती माणसं पदार्थ करणारी नसतातच. करणाऱ्याला एवढा वेळ असतो कुठे? पण आता मला इतरांच्या घरातलं ऐकायचंय. तुमच्याकडे कोण बघायचं, कोण नाक मुरडायचं, त्या वेळी घरात आणखी काय चालू असायचं? पदार्थ झाला की फसला हे दुय्यम. गाणी, पिक्चर, रिमोटची भांडणं सगळं चालेल. फक्त पाककृती देऊ नका, त्या ढिगाने मिळतात.

*

१९९३ साली झीवर संजीव कपूर यांचं 'खाना खजाना' सुरू झालं, तेव्हा आमच्याकडे केबल नवीनच होती. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी आपापल्या घरी बघायचो. एकटीला सगळं टिपून घेणं जमत नसे. माणूस शांतपणे बोलायचा, पण हात भराभर चालायचे. म्हणून आम्ही वाटणी केली होती. साहित्य मी लिहायचं, कृती तिने. कागद म्हणजे कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान, त्याची मागची बाजू. कार्यक्रम संपला की फोनवर एकमेकींना सांगून दोन्ही बाजू पुऱ्या करायच्या.

एकदा तिच्याकडे नेमकी वीज गेली. माझ्याकडे यादी होती: बेसन, दही, हळद, मिरची, मोहरी, खोबरं, कोथिंबीर. मी विचार करून करून शेवटी कढी केली. दाट झाली, पण वाईट नव्हती. ते मुळात काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही.

*

ताई, मी तीच धाकटी बहीण. वीजबीज काही गेली नव्हती. सुरळीच्या वड्या होत्या त्या, आई करायची तशाच. मी लिहून काय घ्यायचं त्यात? मी तुला फोनवर "आईचंच आहे" एवढं सांगितलं होतं, आणि तू "बरं" म्हणालीस. कढी केलीस हे आज कळतंय.

*

मी पडद्याच्या पलीकडचा. बरीच वर्षं लाइटवर काम केलंय, त्यात अशा कार्यक्रमांचंही. कुठल्या ते सांगत नाही.

एका दिवसात चार-पाच एपिसोड उरकायचे असतात. साडी बदलते, ओटा तोच. प्रत्येक पदार्थ वेगवेगळ्या टप्प्यांवर तयार करून मागे टेबलावर ठेवलेला असतो. चिरलेला कांदा, अर्धवट परतलेला कांदा, तांबूस झालेला कांदा, आणि शेवटी सजवलेला बाऊल. "हे मी आधीच करून ठेवलंय" हे वाक्य घाईतून आलेलं आहे. मंद आचेवर कांदा खमंग तांबूस व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा वेळ युनिटला परवडत नाही. टीव्हीवर तो पाच मिनिटांत होतो आणि मग घरोघरी बायका स्वतःच्या कढईला दोष देतात.

वाफेचं सांगतो. समोरून लाइट मारला की वाफ दिसतच नाही. ती दिसायला लाइट मागून लागतो आणि मागची पार्श्वभूमी गडद. एसी फुल असल्यामुळे शॉट लागेपर्यंत भाजी थंडगार झालेली असते, म्हणून ब्रशने वरून तेल फिरवायचं. फोडणीचा चर्र आवाज नंतर वाढवून घेतात. आणि सूत्रधाराचा पहिला घास नीट बघत जा. घास तोंडात जायच्या आधीच भुवया वर गेलेल्या असतात.

तरी चव खोटी नसायची हं. शेवटचा शॉट ओके झाला की त्या टेबलावर जी झुंबड उडायची ती कुणी शूट केली असती तर तोच खरा कार्यक्रम होता. घरी मात्र पंचाईत. बायको म्हणते, टीव्हीवरच्या रश्श्यासारखी तर्री आपल्याकडे का चमकत नाही. मी म्हणतो, बॅकलाइट नाही.

*

आमच्याकडे जेवताना टीव्ही बंद. वडिलांचा नियम. क्रिकेट असेल तेव्हा लागू नाही.

*

स्वयंपाकाचा कार्यक्रम नाही, गाण्याचा आहे, चालेल ना? २००८-०९ मधलं 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'. कार्तिकी, प्रथमेश, आर्या, मुग्धा, रोहित ही पाच नावं आमच्या घरात चुलत भावंडांसारखी घेतली जायची. त्यात मार्क आकड्यांत नसायचे, स्वरांत असायचे. 'ध', 'नि', आणि फारच सुरेल झालं तर 'वरचा सा'.

बाबांनी ते थेट ताटावर आणलं. आमटीचा भुरका मारायचा, डोळे मिटायचे, आणि अवधूत गुप्तेंच्या थाटात निकाल: "आमटी नि. भाताने जरा निराशा केली, ध." आई सुरुवातीला हसायची. मग तिने एक दिवस वाढपाच्या डावाने त्यांच्याकडे रोखून म्हटलं, "उद्यापासून स्पर्धक तुम्ही, परीक्षक मी." बाबांनी पिठलं केलं. आईने चव घेतली, पल्लवी जोशीसारखं गोड हसली आणि म्हणाली, "एलिमिनेशन."

वरचा सा या घरात आजवर शेजारच्या काकूंच्या 'निनाव' या गोड पदार्थालाच मिळालाय. त्यानंतर आई दोन दिवस बाबांशी फक्त कामापुरतं बोलत होती.

*

माझ्या लहानपणी स्वयंपाकघरात टीव्ही नव्हता, रेडिओ होता, आणि तो घड्याळाचं काम करायचा. सकाळी रेडिओ सिलोनवर जुनी गाणी लागायची आणि आठ वाजायच्या जरा आधी सैगल. सैगल लागला आणि अजून आंघोळ झाली नसेल तर धडगत नव्हती. आई कणीक मळता मळता खर्जात त्याच्यासोबत गुणगुणायची आणि मध्येच सूर न सोडता "मोजे दोरीवर आहेत" असं सांगायची.

पुढे माझ्या संसारात टीव्ही आला, दुपारचे पाककृतींचे कार्यक्रम आले. मला त्यातली बडबड सोसत नाही. दोन माणसं एका वांग्याबद्दल इतका वेळ काय बोलतात? म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद करते आणि विविध भारती लावते. समोर कुणीतरी बाई निगुतीने भरली वांगी भरते आहे आणि मागे लताबाई विरहाचं काहीतरी गातायत. एकदा तर बाईंनी देठ न तोडता वांग्याला चिरा दिल्या आणि नेमका त्याच क्षणाला व्हायोलिनचा तुकडा आला. मी हातातली परडी खाली ठेवली. आवाज बंद असल्याने प्रमाण कळत नाही, पण हात कसे चालतात ते फार छान दिसतं. कोण रोज करणारी आणि कोण आज कॅमेऱ्यापुरती, ते लगेच समजतं. रोज करणारी बाई मीठ घालताना मिठाकडे बघतच नाही.

*

दूरदर्शनवर शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी. दोन्ही दिवशी रात्री खिचडी, कारण आईलाही बघायचं असायचं. मध्येच बातम्या लागायच्या. तेवढ्यात पापड भाजून व्हायचे. चाळीत सगळ्यांकडे एकाच वेळी पापड भाजल्याचा वास यायचा. नायिकेचं पुढे काय होणार याची चर्चा जिन्यात व्हायची. स्वयंपाकाचे कार्यक्रम तेव्हा आम्हाला लागलेच नाहीत, आणि आमचं काही अडलंही नाही.

*

माझी आई आणि 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'. आईचं इंग्रजी बेताचं, त्यात ते उच्चार. मी कॉलेजात होतो, रात्री लावून बसायचो. ती शेंगा सोलत शेजारी बसायची. पहिल्यांदा म्हणाली, "रडतायत का एवढे? करपलं तर दुसरं करा." पुढे तीच माझ्या आधी येऊन बसायला लागली. गळ्यात रुमाल बांधणारा परीक्षक मॅट प्रेस्टन, त्याचं नाव तिने 'रुमालवाला' ठेवलं. दुसरा परीक्षक गॅरी मेहिगन तिला आवडायचा कारण तो "खाऊन तृप्त दिसतो".

शब्द कळत नसल्यामुळे ती चेहऱ्यांवर जायची. कोण बाहेर जाणार हे जाहिरातीच्या आधीच सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. "त्याने भांडं झाकलं तेव्हाच त्याला माहीत होतं की आत कच्चं आहे." मोठ्या पांढऱ्या ताटलीच्या कोपऱ्यात चार घास मांडलेले बघून मात्र तिचा संताप व्हायचा. "मग एवढी ताटली घासायची कुणी?"

त्या नादात मी तिला एकदा ऐकवलं की मांस आधी मोठ्या आचेवर भाजलं की आतला रस कोंडला जातो. ती म्हणाली, "मग तव्यावर चुरचुरतंय ते काय आहे?" पुढे वाचलं, तर खरंच रस कोंडला वगैरे जात नाही. भाजण्याने येतो तो रंग आणि वास. माझ्या सायन्सच्या डिग्रीपेक्षा तिचं नुसतं ऐकणं सरस ठरलं.

आता मी परदेशात आहे. फोन स्पीकरवर ठेवतो, "तीन, दोन, एक" म्हणून दोघं एकाच वेळी सुरू करतो. तिचं नेहमी दोन सेकंद पुढे असतं. त्यामुळे निकाल मला ऑस्ट्रेलियाकडून कळायच्या आधी आईच्या "हात्तिच्या!" मधून कळतो.

*

आमच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातनं तीनदा, दरवेळी चार तास. सोबतीला मी जायचो. हॉलमध्ये भिंतीवर उंच एक टीव्ही आणि त्याच्याखाली ओळीनं खाटा. रिमोट सिस्टरकडं. बातम्या लावल्या की निम्म्या लोकांचं बीपी वर. सीरियल लावली की पुरुष मंडळी कुरकुरायची. शेवटी सगळ्यांचं एकमत कशावर झालं, तर स्वयंपाकावर.

आता गंमत बघा. त्या हॉलमध्ये एकालाही ते खायची परवानगी नव्हती. मीठ कमी, पाणी मोजून, पोटॅशियमपायी केळं, शहाळं बंद. बटाटा खायचाच झाला तर सोलून, चिरून, भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यायचं आणि मग शिजवायचा, म्हणजे चवीला काय राहतंय? आणि समोर टीव्हीवर बाई बटाटेवडे तळत्या. मला पहिल्यांदा वाईट वाटलं. सिस्टरला म्हटलं, बदला हो. तर पलीकडच्या खाटेवरच्या आजी उसळल्या: "बघू द्या की! बघायला काय पथ्य आहे?"

हळूहळू तिथं एक वेगळीच पंगत जमली. कोण म्हणायचं पीठ सैल झालंय, वडा तेल पिणार. रिक्षावाले एक मामा होते, ते तेलाचे बुडबुडे बघून सांगायचे की अजून तापलेलं नाही. आमचे वडील घरी मुकाट्यानं अळणी जेवायचे, पण तिथं पांढऱ्या रश्श्यावरनं मामांशी अशी हुज्जत घालायचे की मशीनचा अलार्म वाजायचा. सिस्टर म्हणायची, हात हलवू नका काका. ते म्हणायचे, "अहो पण ह्यांच्यात खसखस वाटून घालत नाहीत!" मी वडिलांना इतकं बोलताना त्याआधी फार कमी वेळा बघितलं होतं.

दसऱ्याच्या आसपास टीव्हीवर बासुंदी लागली. आजी म्हणाल्या, आज सगळ्यांनी दोन-दोन वाट्या घ्या, माझ्याकडनं. आणि खाटेखाटेवरनं लोक सांगायला लागले, कुणाला चारोळी हवी, कुणाला नको.

*

मी सतरा वर्षांची आहे, त्यामुळे माझ्याकडे जुनं काही नाही. मी सगळं यूट्यूबवर शिकले आणि आता आजीचे रील बनवते. दीड मिनिटात पुरणपोळी बसवायची म्हणजे डाळ शिजतानाच संपतं.

आजी रिटेक देत नाही. "एकदा ढवळलं की ढवळलं, कॅमेऱ्यासाठी परत कशाला?" प्रमाण विचारलं की मूठ उघडून दाखवते आणि मी फोकस करेपर्यंत मिटते. गाण्यावरून तर कायम वाद. मला ट्रेंडिंग लावायचं असतं, तिला नाट्यगीत. तिचं म्हणणं, आळवायला सुरुवात होईपर्यंत तुझी पोळी संपते, असली कसली पद्धत. शेवटी आम्ही गाणंच काढून टाकलं, नुसता लाटण्याचा आणि तव्याचा आवाज ठेवला. तोच एक रील जरा बरा चालला.

वर लाइटवाल्या काकांनी लिहिलंय ते वाचून मी काल आजीला खिडकीकडे पाठ करून उभं केलं. वाफ मस्त आली. आजी मात्र भडकली, की तिला स्वतःच्या सावलीत तवा दिसेना. आता थालीपीठ करायचंय, आणि भोकं पाडताना फोन तव्यावर आणलास तर तोही परतून देईन असं तिने आत्ताच बजावलंय.