टूल येणं आणि सल्लागार असणं
इथल्या चर्चेत एकांनी म्हटलंय की कीवर्डची (लोक गूगलवर शोधतात त्या शब्दांची) दोन-तीन टूल्स जमली की एसईओ (साइट शोधनिकालांत वर आणण्याचं काम) सल्लागार म्हणून सुरुवात करता येते. करता येते, पण टिकणं अवघड. ग्राहक बहुधा ट्रॅफिक (साइटवर येणारे लोक) पडल्यावरच येतो आणि त्याला कारण हवं असतं, कीवर्डची यादी नव्हे.

म्हणून आधी सर्च कन्सोल, म्हणजे साइट शोधात कशी दिसते हे दाखवणारं गूगलचं साधन, पक्कं करा. त्यात 16 महिन्यांचाच डेटा राहतो, तेव्हा काम हाती येताच तो उतरवून ठेवा. रिपोर्टमधून 1000 ओळीच मिळतात. जास्त हव्या असतील तर एपीआय (प्रोग्रॅममधून थेट डेटा मागवायची सोय). मग पाहा, नुसते क्लिक्स घटलेत की इम्प्रेशन्सही (साइट निकालांत किती वेळा दिसली)? इम्प्रेशन्स तेवढीच असतील तर शीर्षक आणि निकालपानाची मांडणी तपासा. दोन्ही घटली असतील तर क्रमांक, इंडेक्सिंग (पान गूगलच्या सूचीत असणं) आणि हंगामी मागणी.

हमखास सापडणारा घोळ: पान निकालांतून काढायचं म्हणून नोइंडेक्स (पान निकालांत दाखवू नका, ही पानावरची सूचना) लावतात आणि वर रोबॉट्स फाइलमध्येही (कोणती पानं वाचू नयेत हे बॉट्सना सांगणारी फाइल) अडवतात. मग गूगलबॉटला (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम) पान वाचताच येत नाही, नोइंडेक्स दिसत नाही आणि पत्ता निकालांत लटकत राहू शकतो. आधी क्रॉल होऊ द्या, म्हणजे गूगलबॉटला पान वाचू द्या, अडवायचं ते नंतर.

साइट हलवताना प्रत्येक जुना पत्ता त्याच्या जुळत्या नव्या पानावर 301 ने (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणारं वळण) न्या आणि किमान वर्षभर तसाच ठेवा. सरसकट होमपेजवर वळवलं तर गूगल ते सॉफ्ट 404 (पान उघडतं, पण खरं तर नाहीच) धरू शकतं.

आणि हो, पहिल्या क्रमांकाची हमी करारात कधीच नको. अहवालात मात्र प्रत्येक सूचनेपुढे ती कोण करणार, डेव्हलपर की लेखक, हे लिहा. नाहीतर पीडीएफ तशीच पडून राहते.