मदत हवी आहे : मारुती ८०० पासून तीनचाकी, मागच्या स्विंगआर्मचं काय करावं?

भंगारातल्या ८०० चा पुढचा भाग (७९६ सीसी इंजिन, गिअरबॉक्स, स्ट्रट, स्टिअरिंग रॅक) जसाच्या तसा ठेवून मागे स्विंगआर्मवर (चाक धरून वर-खाली हलणारा दांडा) एकच चाक लावतोय. गाडी फक्त खाजगी जागेत चालेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल करून रस्त्यावर आणता येत नाही, हे माहीत आहे.

चालकासह वजन ४२० किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २००० मिमी, मागच्या चाकावर ३० टक्के म्हणजे १२६ किलो. पुढचा ट्रॅक (पुढच्या दोन चाकांमधलं अंतर) १२१५ मिमी आणि गुरुत्वमध्य ४५० मिमी उंचीवर धरला, तर वळणावर बाजूचा जोर साधारण ०.९४ जी (वजनाच्या ०.९४ पट) झाला की गाडी उलटेल; साधे टायर बहुधा त्याआधीच घसरतील. वजन मागे सरकलं की हे गणित लगेच बिघडतं, म्हणून बॅटरी आणि टाकी पुढेच ठेवली आहे.

अडचण मागे आहे. ८०० चंच १२ इंची चाक एका बाजूच्या आर्मवर घेतलं, तर चाक आर्मपासून १५० मिमी बाहेर येतं. नुसतं उभं असताना १९ किलो-मीटर पीळ पडतो, खड्ड्यात तिप्पट. आर्मच्या सांध्यातला रबर बुश दबला की चाक तिरकं होऊन गाडी मागून वळू लागते. बाईकचा दुहेरी स्विंगआर्म पीळ सोसतो, पण त्याचा गोल टायर झुकण्यासाठी असतो. इथे चाक झुकतच नाही.

दोन्ही बाजूंनी धरणारा आर्म बनवून त्यात कारचं चाक बसवलंय का कुणी? पाइप किती जाडीचा? पिव्हटला (आर्म फिरतो त्या सांध्याला) टेपर बेअरिंग की पितळी बुश? शॉक आर्मच्या मध्यावर आहे, म्हणजे चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा चौथाईच उरतो. किती कडक घ्यावी?

ब्रेकचा मास्टर सिलिंडर तिरक्या जोडणीचा (एका नळीवर पुढचं एक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक) असेल, तर एका मागच्या चाकासाठी ब्रेकच्या नळ्या कशा विभागल्या, तेही सांगा.