अल्जीरियात नुसतं वाळवंटच आहे का? भाचा नोकरीला चाललाय

होटगी रोडवाली मावशी:
भाच्याला अल्जीरियातल्या हस्सी मेसाऊद या तेलाच्या गावी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची नोकरी लागलीय. ताईचं रोज रडगाणं, वाळवंटात पोरगं राहणार कसं? मी म्हटलं, मे महिन्यात आपल्या सोलापुरात सात रस्त्याला रिक्षाची वाट बघितलेल्याला उन्हाचं काय घेऊन बसलीस! तिथली हवा, माणसं कशी आहेत? कुणी राहून आलंय का?

जुना पाइपफिटर:
मी होतो तिथंच. ऊन सोसेल त्याला. जुलैत पारा ४५ला टेकतो, जवळच्या उआर्गलात २०१८ साली ५१.३ नोंदला गेला. पण हवा कोरडी, आपल्यासारखीच. जानेवारीत पहाटेच्या शिफ्टला मात्र दात वाजतात. स्वेटर-कानटोपी आठवणीनं द्या.

राजधानी अल्जिअर्सहून विमानात खिडकी धरायला सांगा. आधी हिरवे डोंगर नि मळे, मग उजाड पठार, त्यात मिठानं पांढरीफेक पडलेली तळी, परत डोंगरांची एक रांग, आणि ती सरली की वाळूच वाळू. देशाचा चार-पंचमांशाहून जास्त भाग सहारा, पण बहुतेक वस्ती त्या उत्तरेकडच्या पट्टीत. २०११ला सुदान फुटल्यापासून आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश हाच, महाराष्ट्राच्या पावणेआठ पट. हस्सी मेसाऊद वाढलं ते १९५६ला तेल लागलं म्हणून. बाजारहाटाला फार काही नाही, आधीच सांगतो.

आणि सरसकट सगळ्यांना अरब म्हणू नये. माझा फोरमन कबाईल, म्हणजे तिथल्या मूळच्या बर्बर लोकांपैकी. फोनवर आईशी तमाझिग्त ही बर्बर भाषा, साहेबाशी फ्रेंच, कॅन्टीनमध्ये दारिजा म्हणजे तिथली बोली अरबी. आपल्या पूर्व भागात घरी तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कन्नड चालतं, तसलाच प्रकार. तमाझिग्तला राजभाषेचा दर्जा २०१६ला मिळाला. हा विषय निघाला की गडी तासभर थांबायचा नाही.

होटगी रोडवाली मावशी:
दादा, पोरगं माळकरी आहे हो. खाणार काय?

जुना पाइपफिटर:
पाव, डाळी, बिस्क्राकडचे देगलेत नूर खजूर. शुक्रवारी कुसकुस म्हणजे वाफवलेला रव्याचा दाणा असतो, वर भाज्या दिसतात पण रस्सा बहुधा मटणाचा. विचारल्याशिवाय ताटात घेऊ नये. शेंगाचटणी भरपूर बांधून द्या.

करेझवेडा:
सुट्टीत जमलं तर तिमिमूनची फोगारा बघायला सांगा. जमिनीखालून उतारानं पाणी आणणारे बोगदे. बिदरचा करेझ त्याच जातीचा.

जुना पाइपफिटर:
तिमिमून लांब पडतं. गार्दाया जवळ आहे, मोझाबी या बर्बर लोकांची जुनी गावं, ती आधी बघू दे. आणि मावशी, फ्रेंचचा क्लास आजच लावा. साइटवर नुसत्या इंग्रजीवर भागत नाही.