रिकमेंडरच्या क्रमावर डोळे मिटून विसंबू नका

बायोपोर्टल हे जीववैद्यकीय ऑन्टॉलॉजींचं, म्हणजे एखाद्या विषयातल्या संज्ञा आणि त्यांची नाती नोंदवणाऱ्या संग्रहांचं, ऑनलाइन भांडार. त्यातल्या सोयींबद्दल लिहिताना कुणीतरी सुचवलंय की ऑन्टॉलॉजी निवडायचं काम आता रिकमेंडरवरच, म्हणजे तुमचा मजकूर बघून योग्य ऑन्टॉलॉजी क्रमाने सुचवणाऱ्या साधनावरच, सोडावं. सोय उत्तमच आहे, पण एवढ्या विश्वासाला माझा विरोध आहे.

रिकमेंडर चार गोष्टी बघतो: तुमच्या मजकुरातला किती भाग ऑन्टॉलॉजीत सापडतो, ती कितपत स्वीकारली गेली आहे, तिच्यातल्या संज्ञांचा तपशील किती भरलेला आहे, आणि तुमच्या विषयापुरती ती किती खास आहे. मूळ सेटिंगमध्ये पहिल्या निकषाला ०.५५ वजन, बाकी तिघांना प्रत्येकी ०.१५. म्हणजे स्नोमेड सीटीसारखी (वैद्यकीय नोंदींसाठीच्या संज्ञांची) अवाढव्य ऑन्टॉलॉजी सहज वर येऊ शकते. दुर्मिळ आजारांतली लक्षणं नोंदवायची असतील तर ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी आधी तपासा, मग ती यादीत कुठेही असो. वजनं बदलता येतात, ती खरंच बदलून बघा.

मॅपिंगच्या, म्हणजे वेगवेगळ्या ऑन्टॉलॉजींतल्या सारख्या संज्ञा जोडण्याच्या, बाबतीत तर जास्तच जपून. अशा जोड्या आपोआप लावणारा लूम हा प्रोग्रॅम फक्त नावं आणि समानार्थी शब्द जुळवतो. पेशीतलं न्यूक्लियस वेगळं, मेंदूतलं वेगळं, पण नाव सारखं दिसलं की जोडी लागू शकते. मॅपिंग कुठून आलंय ते पानावर दिसतं. तिथे लूम असेल तर दोन्ही व्याख्या उघडून वाचाच.

आणि ऑन्टॉलॉजीची कोणती आवृत्ती वापरली ते लिहून ठेवा. जीन ऑन्टॉलॉजीत (जनुकांच्या कार्याबद्दलच्या संज्ञांच्या संग्रहात) कालबाह्य संज्ञेचा आयडी पुसला जात नाही, पण नव्या नोंदींसाठी तो वापरायचा नसतो.