संतांचे दिवस न पाळणाऱ्या मंडळीने हुतात्म्यांचे स्मरण कसे करावे?

शहाद्याचा वाचक
सर्वांना सप्रेम नमस्कार. खानदेशातील बऱ्याच मंडळ्यांप्रमाणे आमची मंडळीही (स्थानिक चर्च) प्रॉटेस्टंट मिशनच्या कामातून उभी राहिली असल्यामुळे आमच्याकडे नाताळ आणि उत्तम शुक्रवार पाळतात, संतांचे दिवस मात्र पाळत नाहीत. येत्या फेब्रुवारीत तरुण संघापुढे वसईच्या गोन्सालो गार्सिया यांच्याविषयी बोलण्याची माझी इच्छा आहे. त्यावर मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डरनी), ख्रिस्ताखेरीज आपल्याला दुसरा मध्यस्थ नाही, अशी आठवण करून दिली. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही आपल्याच मुलखात जन्मलेल्या आणि वधस्तंभावर मरण पावलेल्या माणसाचे नावदेखील आमच्या मुलांना ठाऊक नसावे, याचे वाईट वाटते. हुतात्म्यांचा आदर आणि आराधना यांतील फरक आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी कसा केला होता?

जळगावचा निवृत्त शिक्षक
आपल्या मंडळीच्या त्या वडिलांना वाटणारी काळजी दुसऱ्या शतकातही बोलून दाखवली गेली होती, फक्त ती बोलणारे विरोधक होते. स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना ठार केल्यावर, त्यांचा देह ख्रिस्ती लोकांच्या हाती पडला तर ते क्रूसावर मेलेल्याला सोडून यांचीच आराधना करू लागतील, असे सांगून तो देह देऊ नये अशी गळ अधिकाऱ्याला घालण्यात आली. त्या मंडळीने नंतर लिहिलेल्या पत्रात याला स्पष्ट उत्तर आहे: आराधना देवपुत्राची, आणि हुतात्म्यांवर प्रेम, कारण ते प्रभूचे शिष्य व अनुयायी होते. देह जाळला गेल्यावर उरलेल्या अस्थी त्यांनी जपून ठेवल्या आणि दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमण्याचे ठरवले.

सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट पंथ ज्यातून निघाले त्या धर्मसुधारणेच्या काळातही हे स्मरण टाकून दिले गेले नाही. लूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबातील एकविसावे कलम, संतांचा धावा करू नये असे सांगतानाच, त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करता यावे म्हणून त्यांची आठवण ठेवण्यास मोकळीक देते. मंडळीच्या वडिलांना हे कलम अवश्य वाचायला द्यावे.

वसईकर, मुक्काम भुसावळ
दादा, आम्ही कॅथलिक गोन्सालो यांच्याकडे मध्यस्थीही मागतो. तो भाग आपण वगळलात तरी सांगण्यासारखे पुष्कळ उरते. पोर्तुगीज वडील आणि स्थानिक आई यांचा हा मुलगा जपानी भाषा उत्तम जाणत असल्यामुळे, १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचा धर्मबंधू म्हणून, त्याच संघाचे मिशनरी पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी होऊन जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारले, त्यांत तो होता. बाकीच्यांना कृपया विसरू नका, कारण त्यांतले २० जण जपानी होते आणि सर्वांत लहान लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

मुलांना कारणही पूर्ण सांगावे. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागल्यानंतर, मिशनरी हे परकीय सत्तेचे पुढे पाठवलेले हस्तक आहेत, हा जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याचा संशय बळावला होता. या राजकारणाचा उल्लेख केल्याने त्या २६ जणांची निष्ठा उणी ठरत नाही. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये या सर्वांना संत घोषित केले.

शहाद्याचा वाचक
दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रॉटेस्टंट परंपरेत आपल्या मराठी माणसाचे असे स्मरण कोठे होते का?

जळगावचा निवृत्त शिक्षक
होते. पंडिता रमाबाई हुतात्मा नव्हेत, पण चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे.