थायरॉइडच्या गाठींची तपासणी व्हायची आहे, तोवर मन कसं आवरायचं?

नमस्कार मंडळी. मानेच्या सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये दोन गाठी दिसल्या. मोठ्या गाठीपुढे ‘टायरॅड्स ४’ (सोनोग्राफीवरून गाठ किती संशयास्पद वाटते, त्याची श्रेणी) लिहिलंय, म्हणून डॉक्टरांनी एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासायला सांगितलंय. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, नॉर्मल आहे, पण त्यावरून गाठ कसली ते कळत नाही म्हणे. तारीख पुढच्या आठवड्यातली. मग रिपोर्टची वाट वेगळीच.

बहुतेक गाठी साध्या निघतात, कर्करोग निघालाच तरी त्याचे नेहमीचे प्रकार सावकाश वाढणारे आणि उपचारांना दाद देणारे असतात, हे सगळं पाठ झालंय. दिवसा पटतं, रात्री दोन वाजता पटत नाही. हात सारखा गळ्याकडे जातो. गिळताना खरंच अडकतंय, की मनाचे खेळ? घरच्यांचं ‘काही नाही होत गं’ ऐकलं की उलट चिडचिडच होते.

यातून गेलेल्यांनी सांगा ना, त्या दिवसांत झोप कशी लागायची? सुई कितपत दुखते? आणि नमुना अपुरा निघाल्यामुळे कुणाला पुन्हा तपासणी करावी लागली का? काढे आणि पथ्यं मात्र कृपया नकोत, ती आधीच भरपूर मिळाली आहेत.