पांढऱ्या तित्तराचे डोळे कसे होते?

दादा, तुम्ही म्हणताय तुमच्या मामांना बार्शीकडच्या माळावर पूर्ण पांढरा तित्तर दिसला आणि तो अल्बिनोच असणार, तर आधी त्यांना त्या तित्तराचे डोळे कसे होते ते विचारा. खरा अल्बिनो असेल तर डोळे गुलाबी-लाल दिसतात, कारण अंगात मेलॅनिनच तयार होत नाही, चोच अन् पाय पण फिक्के. डोळे काळे आणि पिसं तेवढी पांढरी असली तर तो ल्युसिस्टिक, पांढरा मोर पण तसाच, लोक सर्रास त्याला अल्बिनो म्हणतात.

आमचे आजोबा सोलापूरजवळच्या नान्नजच्या पुढं शिकारीला जायचे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधीची गोष्ट, ज्वारी काढलेल्या रानात त्यांना चार-पाच तित्तरांत एक पांढरा दिसला, बंदूक खांद्याला लावलेली पण चाप काय ओढवला नाही, आजी सांगायची त्या रात्री जेवताना पण तेच बोलत होते.

मोठा झालेला पांढरा दिसणं खरंच नशीब. तित्तराचा सगळा जीव त्याच्या मातकट रंगावर, वाळल्या गवतात बसला की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. पांढरं पिल्लू शिक्र्याला, खोकडाला लांबून दिसतं, त्यात अल्बिनोची नजर कमजोर, आणि मेलॅनिन नसलेली पिसं लवकर झिजतात.

फोटो असेल तर जरूर टाका, फक्त गावाचं नाव आणि लोकेशन काढून टाका प्लीज, फासे लावणारे अजून आहेत आपल्याकडं.